बारा तासांच्या लेओव्हरमध्ये झोप किती?

वैमानिकाच्या थकव्याचा विषय निघाला की आधी विचारलं जातं ते ड्यूटीचं: किती तास उडवलं, किती लँडिंग झाली. मग कोणीतरी विचारतं, आधी विश्रांती किती मिळाली होती? उत्तर येतं, 'बारा तास, नियमाप्रमाणे.' ऐकणाऱ्याचं समाधान होतं. बारा तास म्हणजे अर्धा दिवस; झोपायला माणसाला आणखी किती वेळ हवा? माझं म्हणणं असं की हा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. ते बारा तास कुठून कुठपर्यंत होते हे कळल्याशिवाय त्यांतून झोप किती निघाली असेल याचा अंदाजसुद्धा बांधता येत नाही. नव्याने रोस्टरवर (ड्यूट्यांच्या वेळापत्रकावर) आलेल्या मुलामुलींना हे कोणी नीट सांगत नाही, आणि त्यांच्या घरच्यांना तर मुळीच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नियम. डीजीसीएच्या, म्हणजे देशाच्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या, नियमाप्रमाणे दोन ड्यूट्यांमधली विश्रांती आधीच्या ड्यूटीइतकी किंवा १२ तास, यांतली जी जास्त असेल ती. तीनपेक्षा जास्त टाइम झोन ओलांडले तर किमान १८ तास आणि सातपेक्षा जास्त ओलांडले तर ३६. विमान उभं राहिल्यानंतरचं काम ड्यूटीतच धरतात. विमानतळ ते हॉटेल हा प्रवास ड्यूटीतही नाही आणि विश्रांतीतही नाही. किमान विश्रांतीला धक्का न लावता तेवढा वेळ कंपनीने वरून द्यायचा. खोली कशी असावी हेही लिहिलेलं आहे: हवी असल्यास एकट्याला, आवाज कमीत कमी, हवा खेळती, उजेड आणि तापमान स्वतःला कमी-जास्त करता येईल अशी. नियम वाईट नाही. पण तो तास मोजतो, आणि झोप काही तासांच्या हिशेबाने येत नाही.

तीन लेओव्हर, म्हणजे दोन ड्यूट्यांमधले बाहेरगावचे थांबे, शेजारी शेजारी मांडून पाहू.

पहिला. रात्री १० वाजून ४५ मिनिटांनी विमान दिल्लीला उभं राहिलं, ११ ला ड्यूटी संपली, बारा वाजता खोलीत. साडेबाराला दिवा बंद. सकाळी साडेसात-आठपर्यंत झोप. रिपोर्टिंग, म्हणजे पुढच्या ड्यूटीवर हजर होणं, दुपारी १२ ला. सात तास झोप सहज निघते, आणि तीही सलग.

दुसरा. मुंबईला रात्री साडेअकराला रिपोर्टिंग, दोन सेक्टर (उड्डाणं) करून सव्वासहाला दिल्लीत चॉक्स-ऑन (विमान जागेवर उभं), साडेसहाला ड्यूटी संपली. गाडीची वाट, विमानतळाजवळच्या एरोसिटीतल्या हॉटेलपर्यंतचा प्रवास, चेक-इन, म्हणजे साडेसात. आंघोळ, दोन घास, साडेआठला आडवं. पुढचं रिपोर्टिंग संध्याकाळी साडेसातला. कागदावर १३ तास, म्हणजे पहिल्याइतकेच. पण डोळा लागतो तो वाढत्या उन्हात, शरीराचं तापमान चढत असताना. रात्रभर जागल्यामुळे झोप लगेच येते, पण चार-पाच तासांत आपोआप मोडते. दुपारी एकला टक्क जाग. त्यानंतर कितीही लोळलं तरी गाढ झोप येत नाही. या माणसाचं पुढचं लँडिंग समजा रात्री दीडला असेल, तर तो त्या क्षणी साडेबारा तास जागा आहे आणि त्याच्या शरीराची पडती वेळ सुरू होत आहे.

तिसरा सर्वांत फसवा. दुपारी तीनला ड्यूटी संपली, दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला रिपोर्टिंग. साडेतेरा तास, आणि त्यात रात्रही आली. रोस्टर बनवणाऱ्याला हा लेओव्हर उदार वाटतो. पण संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ अशी असते की शरीर झोपेला जोरात नकार देतं. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास म्हणजे जागेपणाची सर्वांत घट्ट पकड. 'लवकर झोप' हा सल्ला देणं सोपं, पाळणं शरीराच्या हातात नाही. आठ वाजता पडलं तरी साडेदहापर्यंत छताकडे बघत राहायचं, आणि पावणेतीनला वेकअप कॉल. चार-सव्वाचार तास, आणि तेही पिकअप चुकेल या धाकात.

तिन्ही लेओव्हर नियमात बसतात. एकात सात तास झोप, दोघांत जेमतेम साडेचार.

याचं कारण दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे झोपेचा साठणारा दाब: जितका वेळ जागे, तितका मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोप ओढते. दुसरं म्हणजे मेंदूतलं घड्याळ, जे दाब कितीही असला तरी आपल्याच वेळेने 'आता जागं राहा' किंवा 'आता झोप' सांगत राहतं. दोन्ही एका दिशेने ओढतात तेव्हा गाढ झोप लागते, म्हणजे साधारण रात्री अकरा ते सकाळी सात. दाब झोपेकडे आणि घड्याळ जागेपणाकडे ओढत असेल तर दुसऱ्या लेओव्हरसारखी तुटकी झोप मिळते. घड्याळाचा तळ पहाटे. साखरझोपेची ती वेळ, दोन ते सहा, नियमात 'विंडो ऑफ सर्केडियन लो' म्हणून नोंदलेली आहे. त्या वेळात कॉकपिटमध्ये बसलेला माणूस आधी छान झोपलेला असला तरी मंद असतो. झोपेची उधारी असेल तर मंदपणा आणखी वाढतो, आणि त्याचं त्याला कळत नाही. हे न कळणं हाच यातला सगळ्यात मोठा धोका. कमी झोपलेला माणूस एक-दोन दिवसांनी 'आता सवय झाली' म्हणतो, तेव्हा त्याच्या प्रतिक्रियेचा वेग घसरतच असतो.

डुलकी दोन-चार सेकंदांची असली तरी काय होतं, याचा हिशेब करून पाहा. अप्रोचला, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येताना, १४० नॉट म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. चार सेकंद डोळे उघडे ठेवून मेंदू झोपला तर विमान जवळजवळ तीनशे मीटर पुढे गेलेलं असतं. पण थकवा बहुतेक वेळा असा नाट्यमय दिसत नाही. तो दिसतो तो रेडिओवरची हाक चुकण्यात, दिलेली उंची बरोबर वाचून चुकीची लावण्यात, चेकलिस्टची ओळ नजरेखालून जाऊनही न वाचली जाण्यात. आणि सर्वांत जास्त, विमान उंच आणि वेगात आलेलं दिसत असूनही 'जमेल' म्हणत तसंच खाली नेण्यात.

२२ मे २०१० ला दुबईहून आलेलं बोइंग ७३७-८०० मंगळूरला सकाळी सहाच्या सुमारास धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशीत कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणावर कॅप्टन सुमारे एक तास चाळीस मिनिटं झोपलेला आढळला. अप्रोच उंच होता, फर्स्ट ऑफिसरने गो-अराउंड करायला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला, तीनदा सांगितलं, तरी लँडिंग चालू राहिलं. चौकशी अहवालाने अस्थिर अप्रोच न सोडणं हे थेट कारण धरलं, आणि जोडीला म्हटलं की आधी पुरेशी विश्रांती उपलब्ध असूनही ही दीर्घ झोप झाली, त्यामुळे उठल्यानंतरची झापड आणि पहाटेची पडती वेळ यांनी निर्णयशक्तीवर परिणाम केला असावा. हा लेओव्हरचा अपघात नव्हता, जाऊन परत येण्याची रात्रीची फेरी होती. पण 'पुरेशी विश्रांती उपलब्ध असूनही' हे शब्द प्रत्येक रोस्टर-टेबलासमोर लावून ठेवण्यासारखे आहेत. उपलब्ध असणं वेगळं, मिळणं वेगळं.

खोलीत शिरल्यावर

झोपेचं खोबरं होतं ते बहुतेक वेळा हॉटेलात, आणि त्यातलं निम्मं टाळता येतं. सकाळी सातला पोचणाऱ्या क्रूची पहिली अडचण म्हणजे खोली तयारच नसते. हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनचं. रात्रीचे पाहुणे अजून गेलेले नसतात. लॉबीत पाऊण तास बसणं म्हणजे ज्या एका तासात झोप हमखास लागली असती तो तास गमावणं. याचा इलाज क्रूच्या हातात नाही, करारात आहे: क्रूच्या खोल्या आदल्या रात्रीपासून अडवून ठेवलेल्या हव्यात. हॉटेलवाल्याला एका रात्रीचं भाडं जास्त द्यावं लागतं म्हणून हीच ओळ करारातून आधी गळते.

किल्ली घेण्याआधी काउंटरवर विचारायचं ते थोडक्यात: लिफ्टपासून दूर, सर्व्हिस पँट्रीपासून दूर, शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार नसलेली, पोर्चवर किंवा हमरस्त्यावर न उघडणारी खोली. मधल्या दारातून आवाज भिंतीपेक्षा कितीतरी जास्त येतो. आणि 'आज बँक्वेटला काही आहे का?' हा प्रश्न लग्नसराईत विसरायचा नाही. दिल्लीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी खालच्या लॉनवर बँड आणि डीजे असेल तर तिसऱ्या मजल्यावरची खोली बदलून नवव्यावर मागितलेली बरी. मात्र गच्चीवर बार किंवा पोहण्याचा तलाव असेल तर अगदी वरचा मजलाही नको.

खोलीत गेल्यावर सर्वांत आधी एसी. तापमान १९-२० वर लावायचं, कारण बंद खोली गार व्हायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात आंघोळ होते. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं. कोमट पाण्याची आंघोळ आणि गार खोली मिळून ते काम करतात. काही हॉटेलांत हालचाल टिपणारा सेन्सर असतो. झोपलेला माणूस हलत नाही, सेन्सरला खोली रिकामी वाटते, आणि दीड-दोन तासांनी एसी मंदावतो. मग घामाने जाग येते आणि कारण कळत नाही. असं एकदा झालं की त्या हॉटेलात पुढच्या वेळी पोचताच सेन्सर बंद करून घ्यायला सांगायचं. किल्लीच्या खाचेतलं कार्ड काढलं की वीज जाते तिथे दुसरं कार्ड मागून ठेवायचं.

मग उजेड. पडद्यांच्या मधली फट हा सगळ्यांचा शत्रू. कपाटातल्या चिमटेवाल्या हँगरने दोन्ही पडदे मधोमध पकडायचे, खालून एक, वरून एक. कडेची फट पट्टीच्या चिकटटेपने. दाराखालच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल, त्याने उजेडही थांबतो आणि कॉरिडॉरचा आवाजही. टीव्हीचा लाल दिवा झाकला तरी चालतो, धुराच्या सेन्सरचा मात्र कधीही झाकायचा नाही. त्यासाठी डोळ्यांवरची पट्टी आहे. ती पापण्यांवर न टेकणारी, आतून खोलगट असलेली घ्यावी.

कानातले फोमचे बोळे बरेच लोक चुकीचे घालतात. बोळा बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. नीट बसला तर आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटतो. बोळा बाहेर डोकावत असेल तर तो अर्धाही काम करत नाही. बोळे घातल्यावर अलार्म ऐकू येईल का ही भीती रास्त आहे, आणि तीच झोप हलकी करते. म्हणून तीन सोयी: फोनचा अलार्म उशीजवळ, मनगटावर थरथरणारं घड्याळ, आणि ऑपरेटरकडे वेकअप कॉल. परदेशात एक गोष्ट आवर्जून पाहायची: फोन फ्लाइट मोडवर असेल तर तो अजून मुंबईच्याच वेळेवर असू शकतो. अलार्म लावण्याआधी फोनवरची वेळ खोलीतल्या घड्याळाशी जुळवून घ्या.

दारावर 'डू नॉट डिस्टर्ब' लावणं पुरेसं नाही. दुपारनंतरही पाटी तशीच दिसली तर बरीच हॉटेलं काळजीपोटी फोन करतात किंवा दार ठोठावतात. काउंटरवर स्पष्ट सांगून ठेवायचं: अमुक वाजेपर्यंत झोपणार आहे, हाउसकीपिंग नको, मिनीबार तपासायला नको, फोन जोडू नका. घरच्यांनाही हेच. 'पोचलास का रे?' हा आईचा फोन प्रेमाचाच असतो, पण सकाळी दहाला तो आला की तुटलेली झोप पुन्हा जोडता येत नाही. घरच्या गटावर झोपेची वेळ टाकून ठेवली की फोनऐवजी मेसेज येतात.

रात्रीच्या ड्यूटीनंतर हॉटेलचा न्याहारीचा थाटमाट समोर असतो. छोले-भटुरे खाऊन आडवं झालं की तासाभरात आंबट ढेकर येऊन जाग येते. दोन इडल्या, दहीभात, केळं, एवढ्यावर भागवायचं, भरपेट जेवण उठल्यावर. चहा-कॉफीचा हिशेब वेगळा. कॅफिनचा निम्मा अंश शरीरात साधारण पाच तास राहतो. पहाटे पाचला घेतलेल्या कॉफीतली निम्मी सकाळी दहालाही रक्तात असते. म्हणून रात्री दोन-तीनला घ्यावी, त्यानंतर शक्यतो नाही. तरीही उतरताना डोळे जड होत असतील तर घ्यायचीच. लँडिंग आधी, झोप नंतर. दारूचं तर नियमानेच उडण्याआधीचे बारा तास वर्ज्य आहे आणि चाचणीत शून्य यावं लागतं. पण लांब लेओव्हरमध्ये 'झोपेसाठी एक पेग' हा समज चालतो, तो सोडायला हवा. दारूने डोळा लवकर लागतो आणि झोपेचा दुसरा अर्धा भाग तुकडे-तुकडे होतो.

सकाळी गाडीत गॉगल घालायचा. तो दिखाव्यासाठी नसतो; पहाटेनंतरचा लख्ख उजेड घड्याळाला 'दिवस उजाडला' सांगतो आणि झोप उडते.

आणि दुसऱ्या प्रकारच्या लेओव्हरमध्ये दुपारी एकला जाग आल्यावर काय? झोपेचा पाठलाग करत अंथरुणात तळमळायचं नाही. उठायचं, जेवायचं, थोडं चालायचं, आणि पिकअपच्या दोन-अडीच तास आधी पुन्हा पडायचं. ही डुलकी वीस-पंचवीस मिनिटांची ठेवा, किंवा वेळ असेल तर पुरती दीड तासाची. मधल्या पन्नास मिनिटांवर अलार्म लावला तर गाढ झोपेतून ओढून काढल्यासारखं होतं आणि झापड अर्धा तास उतरत नाही.

कंपनीच्या हातात काय आहे

हॉटेल निवडताना पाहणी बहुतेक वेळा संध्याकाळी होते. गालिचा पाहतात, जेवण चाखतात, करार होतो. पाहणी सकाळी अकराला व्हायला हवी, त्याच खोलीत, पडदे ओढून, अर्धा तास गप्प बसून. कारण क्रू तेव्हा झोपतो. त्याच वेळेला व्हॅक्यूम क्लीनर फिरतो, शेजारच्या खोलीत ड्रिल चालतं, फायर अलार्मची चाचणी होते, तलावावर गाणी लागतात. रात्री शांत असलेलं हॉटेल दिवसा झोपण्यालायक असतंच असं नाही.

हॉटेल वारंवार बदलू नये हेही माझं ठाम मत आहे. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा हलका झोपतो, आवाजावर पहारा ठेवल्यासारखा. क्रूची तर कित्येकदा प्रत्येक रात्र पहिलीच रात्र असते. ओळखीचं हॉटेल, ओळखीचा मजला याने हा पहारा थोडा तरी सैल होईल असं मला वाटतं.

पण यापेक्षा जास्त नुकसान फोनने होतं. क्रू शेड्युलिंगमधून सकाळी साडेदहाला कॉल: 'सर, आपलं पिकअप एक तास पुढे गेलंय.' सांगणारा सौजन्याने, विश्रांती वाढली या आनंदात सांगतो. प्रत्यक्षात त्याने झोपेचा कणा मोडलेला असतो. दिल्लीच्या धुक्याच्या दिवसांत तर हे रोजचंच. बदल आला तर आवाज न करणारा मेसेज, आणि तोही जुन्या पिकअपच्या दीड तास आधी, म्हणजे माणूस उठण्याच्या बेतात असताना पोचावा. त्याआधी कळवून काहीच साधत नाही. रिपोर्टिंग दोन तासांहून जास्त ढकललं गेलं असेल तर क्रूने गणवेश काढून पुन्हा पडावं. लॉबीत बसून विमानांच्या वेळा बघत राहणं म्हणजे पुढच्या रात्रीतून तास उसने घेणं आहे.

लांबचा थांबा

मुंबई–लंडनसारख्या सेक्टरवर चोवीस तासांच्या आसपास थांबा असेल तर तिथल्या घड्याळाला जुळवून घेण्याचा प्रयत्नच करू नये. शरीराचं घड्याळ पश्चिमेकडे दिवसाला साधारण दीड तास सरकतं, पूर्वेकडे फार तर एक तास. जुळेपर्यंत परतीची वेळ येते. उन्हाळ्यात अंतर साडेचार तासांचं. सकाळी साडेनऊला हॉटेलात पडलात तर तेव्हा घरी दुपारचे दोन वाजलेले असतात, म्हणजे वामकुक्षीची वेळ. दोन-अडीच तास झोप मिळते. मग उठून दिवसाउजेडी फिरून यायचं. मुख्य झोप संध्याकाळी साडेसहाच्या पुढे, म्हणजे घरचे रात्रीचे अकरा. रात्री दीड-दोनला तिथे जाग येईल, कारण घरी सकाळ झालेली असते. घाबरायचं नाही, मोबाइल उघडायचा नाही; थोडं खाऊन, मंद उजेडात बसून तीनच्या सुमारास पुन्हा पडलं तर आणखी दोन-तीन तास मिळतात. घरच्या रात्रीतले निदान चार तास रोज ठरलेल्या वेळी झोपेत गेले तर घड्याळ भरकटत नाही. संशोधक याला नांगर-झोप म्हणतात. अमेरिकेचे थांबे वेगळे, तिथे रात्र-दिवस उलटेच होतात. त्याचं गणित एवढ्यात आटोपणारं नाही.

निघण्याआधीचा हिशेब

'मला बरं वाटतंय' हा पुरावा नाही. त्यापेक्षा डॉसन आणि मॅकलॉक यांनी २००५ मध्ये मांडलेला साधा हिशेब वापरावा. मागच्या २४ तासांत झोप पाच तासांहून कमी आहे का? मागच्या ४८ तासांत बाराहून कमी आहे का? आणि सकाळी उठल्यापासून ड्यूटी संपेपर्यंत जितके तास जागे राहणार, ते मागच्या ४८ तासांतल्या झोपेहून जास्त होतात का? यांतल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं तर धोका वाढलेला आहे. वरच्या तिसऱ्या लेओव्हरमधला माणूस सव्वाचार तासांवर निघतो, म्हणजे पहिल्याच प्रश्नावर अडकतो. तो उडेल की नाही हा पुढचा निर्णय. पण निदान शेजारच्या सीटवरच्याला ते विमान धावपट्टीकडे निघण्याआधी सांगितलं पाहिजे: 'मी चारच तास झोपलोय, अप्रोचला माझ्यावर लक्ष ठेव.' हे बोलायला कॅप्टनला कमीपणा वाटता कामा नये.

हिशेब चुकतो तो कधी रोस्टरमुळे, कधी आपल्यामुळेही. १४ ऑगस्ट २०१३ ला अमेरिकेत बर्मिंगहॅमला यूपीएस या मालवाहतूक कंपनीचं ए-३०० विमान पहाटे पाचच्या आधी धावपट्टीपूर्वीच कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. तपासात फर्स्ट ऑफिसरची झोप अपुरी होती, आणि सुट्टीचा वेळ झोपेसाठी नीट न वापरल्याने ती अपुरी राहिली, असं नोंदलं गेलं. लेओव्हर मिळाला म्हणजे शहर पाहायला मिळालं, हा विचार माणसाचा आहे आणि त्यात गैर काही नाही. फक्त आधी झोप, मग शहर.

कॉकपिटमध्ये आळीपाळीने घ्यायची ठरवलेली डुलकी, कंट्रोल्ड रेस्ट, हा शेवटचा उपाय, आणि तोही कंपनीच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच. नासाच्या अभ्यासात चाळीस मिनिटांच्या संधीत वैमानिक सरासरी २६ मिनिटं झोपले आणि त्यानंतर जास्त सावध राहिले. पण वेळ ओलांडली की उलटतं. जानेवारी २०११ मध्ये टोरंटोहून झुरिकला निघालेल्या एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ वर फर्स्ट ऑफिसर चाळीसऐवजी सुमारे पंचाहत्तर मिनिटं झोपला, उठल्या-उठल्या समोरून येणारं विमान अंगावर येतंय असं वाटून त्याने नाक खाली दाबलं, आणि १६ जण जखमी झाले. म्हणून उठवल्यावर निदान पंधरा मिनिटं कंट्रोल्सना हात नाही, आणि उतरायला सुरुवात होण्याच्या अर्धा तास आधी डुलकी संपलेलीच हवी.

आता थकव्याचा रिपोर्ट. 'हॉटेल खराब, झोप नाही, थकलो' एवढ्यावर कोणीच काही करू शकत नाही, आणि असे रिपोर्ट फाइलला लागून राहतात. लिहायचं ते असं: खोली क्रमांक आणि मजला, दिवा किती वाजता बंद केला, जाग किती वाजता आली आणि कशाने, काउंटरला किती वाजता फोन केला, त्यांनी काय केलं, खोली बदलून दिली का, मागच्या २४ आणि ४८ तासांतली झोप, उतरायला सुरुवात करताना कॅरोलिन्स्का मापावर, म्हणजे एक ते नऊपैकी, झोपाळलेपण किती होतं. सगळ्या वेळा स्थानिक आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दोन्हींत. फोनवरच्या अॅपने आवाजाची पातळी मोजून स्क्रीनशॉट जोडला तर फारच चांगलं. एकाच हॉटेलच्या त्याच मजल्याबद्दल पाच जणांनी असे रिपोर्ट दिले तर करार बदलतो. पाच जणांनी नुसतं 'सिक' कळवलं तर नोंद आजारपणाची होते आणि हॉटेल तसंच राहतं.

नियम सुधारले आहेत हे मान्य करायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने जाहीर केलेल्या बदलांनी साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली, रात्र मध्यरात्रीपासून पाचऐवजी सहापर्यंत धरली गेली, आणि रात्रीच्या ड्यूटीतली लँडिंग सहावरून दोनवर आली. अंमलबजावणी लांबत गेली, शेवटी १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत झाली. डिसेंबरमध्ये इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाल्यावर त्या कंपनीला रात्रीच्या काही तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. त्या गोंधळात प्रवाशांचे हाल झाले, आणि राग वैमानिकांच्या विश्रांतीवर निघाला याचं मला वाईट वाटतं. पुरेसे वैमानिक नेमून रोस्टर वेळेत बदलणं हे कंपनीचं काम होतं.

याच बदलांनी कंपन्यांना दर तिमाहीला थकव्याचे अहवाल डीजीसीएकडे देणं बंधनकारक केलं. त्या अहवालात रिपोर्ट किती आले आणि किती मान्य झाले एवढंच मोजलं तर फारसं हाती लागणार नाही. प्रत्येक रिपोर्टसमोर लेओव्हर सुरू झाल्याची स्थानिक वेळ, संपल्याची वेळ, आणि प्रत्यक्ष झोपेचे तास असे तीन रकाने हवेत. ते भरले गेले की सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसातचे आणि दुपारी तीन ते पहाटे साडेचारचे लेओव्हर आपोआप वर येतील, आणि रोस्टरमधून आधी ते काढता येतील.